‘ते पाखडायचं दे गं...’
विसरलेला शब्द, शब्दकोडे आणि आपली वडीलधारी माणसे

“ते दे गं... ते पाखडायचं!” सासूबाई असे म्हणाल्या की सून सूप आणून देते आणि दोघी हसतात. एखाद्या वेळी असे कोणाचेही होते. पण रोजच्या वस्तूंची नावे वारंवार आठवेनाशी झाली, ओळखीची वाट चुकू लागली, सुट्ट्या पैशांचा हिशोब जमेना, तर “म्हातारपण आहे, चालायचंच” म्हणून सोडू नका. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे. चष्मा कशासाठी असतो हे विसरणे वेगळे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या शंभरांपैकी सातांहून अधिक जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांत आणि खेड्यांत प्रमाण जास्त आहे. बीपी, साखर, तंबाखूचे धूम्रपान, दारू, कमी ऐकू येणे, एकटेपणा यांनी धोका वाढतो. शिक्षण न मिळणे हेही त्यातले एक कारण आहे. ज्या आजीला शाळेचे दार उघडले नाही, तिला उतारवयात ही किंमतही मोजावी लागते.

मेंदूला काम देणे आपल्या हातात आहे. अमेरिकेत सौम्य विस्मरण असलेल्या १०७ जणांना ७८ आठवडे संगणकावर काहींना शब्दकोडी, तर काहींना मेंदूचे खेळ दिले. शब्दकोडी सोडवणाऱ्यांची स्थिती थोडी अधिक चांगली राहिली. कोड्याने आजार बरा होत नाही, पण सवय चांगली आहे.

वाचता येत नसेल तरी अडचण नाही. नातवाने वाचावे, आजीने सांगावे. शहापूर-मुरबाडच्या भातशेतीतल्या आजी-आजोबांसाठी ही घ्या कोडी :

१. भातलावणीत पावसापासून पाठ झाकते, हात मोकळे ठेवते. (३ अक्षरे)
२. दोन दगड, एक खुंटा, पहाटे पीठ. (२ अक्षरे)
३. डोके आणि हंडा यांच्यामध्ये कापडाची गुंडाळी. (३ अक्षरे)
४. सांगितली की दोघांची होते, जपली की टिकते. (४ अक्षरे)

उत्तर आले नाही तर “एवढंही आठवत नाही?” असे म्हणू नका. पहिले अक्षर सांगा. वस्तू घरात असेल तर हातात द्या. मग विचारा, “हे कोणी केलं होतं? कुठून आणलं होतं?” नाव सुटले तरी गोष्ट आठवते. विहारात आठवड्यातून एकदा चार-पाच जणांना एकत्र बसवले, तर एकटेपणाही कमी होईल.

विस्मरण वाढत असेल तर शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य यांमुळेही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत. अचानक बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा हात लुळा पडला, तर वाट न बघता १०८ ला फोन करा. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ हा मोफत क्रमांक आहे.

उत्तरे : १. इरले २. जाते ३. चुंबळ ४. आठवण