रेषेवरचे पाऊल

इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ही शेठ वालचंद हिराचंद यांच्या नावाने साखर कारखान्याभोवती वसलेली वसाहत. तेथील आमच्या आप्तांकडे दिवाळीत आम्ही मुक्कामास होतो. संध्याकाळी मुलांनी घराजवळच्या मोकळ्या जागेत फक्कीने कबड्डीचे क्रीडांगण आखले आणि पंचाचे काम आम्हांवर सोपविले. काम सोपे वाटले, म्हणून आम्हीही ते आनंदाने पत्करले.

आमचा पुतण्या चढाईस गेला. हुलकावण्या देता देता, कोणासही स्पर्श न करता, तो बाजूच्या पट्टीत शिरला. आणि त्याला धरण्याच्या आवेशात समोरचे दोन गडीही पाठोपाठ पट्टीत उतरले. "मी बाद, हे कबूल, पण मग हे दोघेही बाद!" असे पुतण्याचे म्हणणे. "तू बाद झालास तिथेच चढाई संपली, आम्ही बाद कसे?" असा त्या दोघांचा सवाल. आम्ही गोंधळलो आणि "चढाई पुन्हा घ्या" असे सांगून मोकळे झालो. तेव्हा त्यांतला एक मुलगा शांतपणे म्हणाला, "काका, हा निर्णय नव्हे." ते शब्द आम्हांस लागले, कारण ते खरे होते. शिवाय आमच्या टाळाटाळीचा लाभ मिळाला तो आमच्याच घरच्या मुलास!

वाचकांपैकी पुष्कळांनी लहानपणी हुतूतू खेळला असेल. पण या पट्टीचा नियम नीट समजून घेतलेले थोडेच. पुरुषांचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. त्या रुंदीतच दोन्ही कडांना एकेक मीटरची पट्टी असते. तिला राखीव क्षेत्र अथवा लॉबी म्हणतात. चढाई करणारा व पकड करणारे यांचा एकमेकांस स्पर्श होईपर्यंत ही पट्टी मैदानाबाहेरची. झटापट सुरू झाली की तीच मैदानाचा भाग होते. झटापटीत एखाद्याचा पाय बाहेर गेला, तरी शरीराचा कोणताही भाग आत जमिनीला टेकलेला असेल तर तो बाद नव्हे. म्हणजे रेषा जागची हलत नाही. तिचा अर्थ मात्र एका स्पर्शाने पालटतो.

रात्री पंगतीत हाच विषय निघाला. अमेरिकेहून आलेल्या भाचीच्या मुलाने तिकडच्या फुटबॉलची गोष्ट सांगितली. हवेतून फेकलेला चेंडू झेलणाऱ्या गड्याचा महाविद्यालयीन खेळात एक पाय आत टेकला तरी झेल मान्य होतो. धंदेवाईक खेळाडूंच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये दोन्ही पाय टेकावे लागतात. तसेच, जो आपण होऊन रेषेबाहेर जाऊन परत आला, त्याने तो चेंडू सर्वांच्या आधी झेलणे नियमबाह्य. पण महाविद्यालयीन खेळात प्रतिस्पर्ध्याच्या धक्क्याने बाहेर गेलेला गडी तत्काळ परतला, तर त्यास मुभा आहे. आमच्या कबड्डीत ही दया नाही. योग्य धडक देऊन चढाई करणाऱ्यास बाहेर घालविणे हे पकडीचेच एक कसब आहे. एकाच देशात जर एका पावलाचे दोन कायदे असू शकतात, तर अंगणातल्या मुलांचे भांडण पोरकट कसे म्हणावे?

आणि हे भांडण अंगणापुरते नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझाऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धेत भारत व इराण यांच्यात पुरुषांचा अंतिम सामना झाला. भारतीय संघात आपल्या महाराष्ट्राचे अस्लम इनामदार व आकाश शिंदे होते. गुण २८-२८ असे समसमान आणि वेळ अगदी थोडा उरलेला. पवन सेहरावत चढाईस गेला, स्पर्शावाचून पट्टीत उतरला, आणि इराणचे गडी त्याच्यामागे धावले. अगदी आमच्या पुतण्याचीच गोष्ट! किती बाद आणि कोणत्या नियमाने, जुन्या की नव्या, यावर वाद माजला. पंचांचा निर्णय वारंवार फिरला. खेळ बराच वेळ थांबला. अखेर भारताने ३३-२९ असा विजय मिळवून सुवर्णपदक घेतले. आनंद आम्हांसही झाला. परंतु कोणता अर्थ चालेल हे दोन्ही संघांस आधीच निःसंशय ठाऊक असते, तर त्या विजयास वादाची किनार लागली नसती, असे आम्हांस वाटते.

दुसऱ्या दिवशी फक्की टाकण्यापूर्वी आम्ही दोन्ही बाजूंच्या मुलांस एकत्र बसविले. चढाई करणारा बाद होताच चढाई संपली, असा अर्थ सर्वांनी मान्य केला. मग आदल्या दिवशीची आपली चूक आम्ही कबूल केली आणि तो गुण पुतण्याच्या विरुद्ध मांडला. तो क्षणभर हिरमुसला. मग स्वतःच फक्कीची पाटी उचलून पुसट झालेली पट्टीची रेषा ठळक करू लागला.