बारीक लक्ष आणि क्लोज अटेन्शन

मराठीत आपण 'बारीक लक्ष देतो'. इंग्रजीत तेच 'पे क्लोज अटेन्शन'! देण्याऐवजी पैसे मोजल्यासारखं 'पे' आणि बारीकऐवजी 'जवळचं'. 'गिव्ह थिन अटेन्शन' म्हटलं तर व्याकरण शाबूत, पण ऐकणारा गोंधळणार. परीक्षा आपण देतो, इंग्रजीत ती 'टेक' करतात. शब्दांच्या या ठरलेल्या सोबतीला भाषाशास्त्रात 'कोलोकेशन' म्हणतात. ही संज्ञा रुजवणारे जे. आर. फर्थ १९१९ ते १९२८ लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते, हे विशेष.

मला मात्र चर्चमध्ये कानावर पडणारं 'मेक अ गुड कन्फेशन' जास्त आवडतं. इथे 'गुड' म्हणजे छान नव्हे, तर काहीही न लपवता केलेलं. नुसता 'गुड' शब्दकोशात पाहून हे कसं कळणार? म्हणून मी वहीत सुटे शब्द लिहीत नाही; क्रियापद, विशेषण, नाम असा अख्खा घोसच उतरवून घेते.