शीळ ब्लूटूथची नाही, बॉडी अर्थची

इंजिन बंद असेपर्यंत सगळं झकास असतं. चावी अर्धी फिरवलेली, ब्लूटूथ अडॅप्टरने फोन जोडलेला आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या टेपमधून किशोरीताईंचा आलाप स्वच्छ ऐकू येतोय. मग स्टार्टर मारला की आलापामागे एक बारीक शीळ सुरू होते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती चढते, पाय काढला की उतरते. दुकानदार अडॅप्टर बदलून देतो, तर दुसराही तसाच वाजतो. शेवटी ‘हे ब्लूटूथच भिकार’ असा निकाल लागतो आणि दोन-तीनशे रुपयांची ती डबी ग्लोव्ह बॉक्समध्ये जाऊन पडते.

हा निकाल चुकीचा आहे. बिनतारी भाग आपलं काम चोख करत असतो. घोळ असतो तो उरलेल्या हातभर तारेत.

ब्लूटूथवरचा आळ आधी दूर करू. स्वीडनमधल्या लुंड इथे एरिक्सन कंपनीत १९९४ च्या सुमारास याप हार्टसेन या डच अभियंत्याने या तंत्राचा पाया घातला. २४०० मेगाहर्ट्झच्या थोड्या वरच्या पट्ट्यात, प्रत्येकी एक मेगाहर्ट्झच्या ७९ वाहिन्यांवर फोन आणि अडॅप्टर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारतात. एखाद्या वाहिनीवर वाय-फायची गर्दी असली, तर ती वाहिनी टाळतात. या उड्यांमधून प्रवास करतात ते आकडे. आकडा पोचला नाही, तर तो पुन्हा पाठवला जातो; तरीही नाहीच पोचला, तर गाणं क्षणभर तुटतं. ब्लूटूथ बिघडलं की आवाज तुटतो, अडखळतो, गायब होतो. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शीळ घालणं त्याच्या प्रकृतीतच नाही.

मग ही शीळ येते कुठून? फॅनबेल्टवर फिरणाऱ्या अल्टरनेटरमधून. गाडी चालू असताना वीज बॅटरी नाही, अल्टरनेटर पुरवतो. तो प्रत्यावर्ती म्हणजे एसी वीज बनवतो, तीही तीन फेजमध्ये, आणि आतले सहा डायोड तिची डीसी करतात. पण ही डीसी सपाट नसते, तिच्यावर बारीक लाटा उरतात. अल्टरनेटरच्या रोटरला सर्रास १२ ध्रुव असतात, म्हणजे सहा जोड्या. तीन फेज आणि दोन्ही बाजूंचं रेक्टिफिकेशन धरलं, तर रोटरच्या एका फेऱ्यात अशा ३६ लाटा निघतात.

आता हिशेब करून पाहा. गाडी जागेवर उभी असताना इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेतंय. पुलीच्या गुणोत्तरामुळे अल्टरनेटर साधारण दुप्पट फिरतो, म्हणजे १६०० फेरे, सेकंदाला जवळपास २७. त्याला ३६ ने गुणा: सुमारे ९६० हर्ट्झ. हायवेला इंजिन ३००० वर गेलं की हाच आकडा ३६०० हर्ट्झ होतो. शीळ जवळजवळ दोन सप्तकं चढली! दुर्दैव असं, की माणसाचा कान दोन ते पाच हजार हर्ट्झच्या दरम्यान सगळ्यात तिखट असतो. म्हणजे गाडीने वेग घेतला की शीळ नेमकी कानाच्या सगळ्यात नाजूक जागी येऊन बसते.

लाटा तर प्रत्येक गाडीत असतात, मग जुना टेप स्वतःची कॅसेट वाजवताना गप्प कसा? याचं उत्तर ‘अर्थ’मध्ये आहे. वायरमन ज्याला ‘बॉडी अर्थ’ म्हणतात ते. गाडीत प्रत्येक उपकरणाला प्लसची वायर वेगळी मिळते. परतीचा मार्ग मात्र बहुतेकांना एकच, गाडीची पत्र्याची बॉडी. हेडलाइट, ब्लोअर, हॉर्न, वायपर, सगळ्यांचा विद्युतप्रवाह तिथूनच बॅटरीच्या निगेटिव्हकडे परततो. चाळीतल्या सगळ्या बिऱ्हाडांचं सांडपाणी एकाच गटारातून जावं, तसं. पाणी वाहतंय म्हणजे गटाराला उतार आहे आणि वरच्या खोलीपाशी पाण्याची पातळी खालच्या खोलीपेक्षा थोडी जास्त आहे. बॉडीचंही तेच होतं. तिच्या दोन जागा विजेच्या दृष्टीने कधीच अगदी समान पातळीवर नसतात. गंजलेला एखादा बोल्ट, रंगावरच कसलेलं एखादं टर्मिनल मध्ये आलं की फरक आणखी वाढतो.

हा फरक किती? एक सहस्रांश ओहम, म्हणजे जवळपास काहीच नाही इतका रोध. त्यातून १० अँपिअर वाहिले तर १० मिलिव्होल्टचा फरक पडतो. हेडलाइटला याची फिकीर नाही. पण अडॅप्टरपासून टेपपर्यंत जाणाऱ्या ऑक्सच्या केबलमधून येणारं गाणं मुळात काहीशे मिलिव्होल्टचंच असतं. त्या १० पैकी एखादा मिलिव्होल्ट जरी अल्टरनेटरच्या लाटेबरोबर हलत असला, तरी गाण्यातल्या शांत जागांमध्ये तो स्पष्ट ऐकू येतो.

अडॅप्टर बसवताना आपण नकळत नेमकं हेच घडवतो. अडॅप्टरला वीज मिळते सिगारेट लायटरच्या सॉकेटमधल्या चार्जरमधून, म्हणजे त्याचं निगेटिव्ह बॉडीच्या एका जागी टेकलेलं. टेपचं निगेटिव्ह टेकलंय दुसऱ्याच जागी. आणि मग आपण ऑक्सची केबल खोचतो. तिच्या पिनेत डावा आवाज, उजवा आवाज आणि दोघांची सामायिक अर्थ असे तीन भाग असतात. या तिसऱ्या भागाने दोन्ही जागा एकमेकींना जोडल्या जातात आणि एक बंद कडं तयार होतं. बॉडीतून परतणाऱ्या प्रवाहाचा एक चिमुकला हिस्सा आता या नाजूक केबलमधूनही जाऊ लागतो. टेपमधला अ‍ॅम्प्लिफायर बिचारा प्रामाणिक! दोन टोकांमध्ये जो फरक दिसेल तो वाढवून स्पीकरला देणं एवढंच त्याला ठाऊक. गाणं कुठलं आणि लाट कुठली, हे त्याला कळायचा मार्ग नाही. याला अभियंते ‘ग्राउंड लूप’ म्हणतात.

उपाय म्हणजे ते कडं कुठेतरी तोडायचं. सगळ्यात सोपा मार्ग आहे ग्राउंड लूप आयसोलेटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन ही डबी शंभर-दोनशे रुपयांत मिळते. आत असतात दोन इवलेसे ट्रान्सफॉर्मर, डाव्या-उजव्या आवाजासाठी एकेक. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन इथे कामी येतं: एका वेटोळ्यातला बदलता प्रवाह गाभ्यात चुंबकीय क्षेत्र हलवतो आणि त्यातून दुसऱ्या वेटोळ्यात तोच आवाज उमटतो. दोन्ही वेटोळ्यांमध्ये तारेचा संबंधच नाही. गाणं पलीकडे जातं, बॉडीतला प्रवाह अलीकडेच थांबतो.

या डबीची एक किंमत मोजावी लागते. सारख्याच व्होल्टेजला ५० हर्ट्झचा स्वर हजार हर्ट्झच्या स्वरापेक्षा गाभ्यात वीसपट चुंबकीय प्रवाह मागतो. स्वस्त डबीतला गाभा करंगळीच्या नखाएवढा, त्याला तेवढं झेपत नाही. परिणामी शीळ जाते आणि तिच्याबरोबर डग्ग्याचा घुमारही बारीक होतो. तबला ऐकणाऱ्यांना हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

म्हणून मला दुसरा उपाय अधिक पसंत आहे: कडं आवाजाच्या नाही, विजेच्या बाजूला तोडायचं. ५ व्होल्ट घेऊन ५ व्होल्टच देणारे, पण मधल्या ट्रान्सफॉर्मरमुळे दोन्ही बाजूंच्या अर्थ वेगळ्या ठेवणारे छोटे कन्व्हर्टर मिळतात. हौशी मंडळींमध्ये बी०५०५एस हे त्यातलं ओळखीचं नाव. एक वॉटचा हा तुकडा चार्जर आणि अडॅप्टर यांच्यामध्ये जोडला की अडॅप्टरला बॉडीशी देणंघेणंच उरत नाही आणि आवाजाच्या वाटेत काहीच अडथळा येत नाही. थोडं सोल्डरिंग करावं लागतं, एवढंच.

ज्यांच्या टेपला ऑक्सचं भोक नाही, त्यांना दोन जुने मार्ग उरतात. पैकी एफएम ट्रान्समीटर सगळ्यात जास्त विकला जातो आणि माझ्या मते सगळ्यात कमी लायकीचा आहे. तो गाणं एफएमच्या पट्ट्यात प्रसारित करतो आणि ते गाडीच्याच रेडिओने पकडायचं असतं. पण मुंबईत ९१.१, ९२.७, ९३.५, ९८.३ अशी रांग लागलेली. मोकळी जागा शोधायची कुठे? एफएम रिसीव्हरचा स्वभाव असा, की एकाच जागी दोन लहरी आल्या तर सबळ असेल तिला पकडतो आणि दुसरीला जवळपास पुसून टाकतो. शहर सोडून घाटाला लागलात की मोकळी जागाही बदलते. शिवाय ट्रान्समीटर गाडीच्या पत्र्याच्या आत आणि एरियल बाहेर. या लहरींची लांबी सुमारे तीन मीटर. पत्र्याच्या डब्यातून बाहेर पडणं त्यांना ब्लूटूथच्या साडेबारा सेंटिमीटरच्या लहरींइतकं सोपं जात नाही.

दुसरा मार्ग दिसायला हास्यास्पद, पण गुणी: कॅसेटच्या आकाराचा ब्लूटूथ अडॅप्टर. त्याच्या तोंडाशी एक छोटं चुंबकीय हेड असतं. ते टेपच्या हेडसमोर उभं राहून, फितीने करायचं काम फितीशिवाय करतं. आत स्वतःची बॅटरी असल्याने गाडीच्या अर्थशी संबंध नाही, म्हणून शीळही नाही. आतल्या दातेरी चक्रांची खुटखुट मात्र सोसावी लागते, बॅटरी चार्ज करत राहावी लागते आणि ऑटो-रिव्हर्सचे काही टेप ‘फीत संपली’ असं समजून उगाच बाजू बदलत बसतात.

अडॅप्टर कायमचा डॅशबोर्डमागे बसवायचा असेल तर वायर निवडताना सावध राहा. बाजारातल्या बहुतेक टेपना पिवळी वायर बॅटरीची, कायम चालू, लाल वायर चावीनंतरची, काळी अर्थ. वायरमन घाईत असला की हाताला येईल त्या पिवळीला जोडून मोकळा होतो. अडॅप्टर आणि त्याचा चार्जर मिळून ३० मिलिअँपिअर खात असतील, तर दिवसाला पाऊण अँपिअर-तास जातात. छोट्या मारुतीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. गाडी महिनाभर गावी उभी राहिली तर निम्म्याहून जास्त बॅटरी अडॅप्टरच पिऊन टाकतो. म्हणून लाल वायर, आणि तिच्यावर एक अँपिअरचा फ्यूज. काळी वायर टेपच्या काळ्या वायरपाशीच जोडा. दोघांची अर्थ एकाच जागी आली तर कडं मुळातच आखूड होतं आणि बऱ्याचदा आयसोलेटरची गरजच पडत नाही.

अडॅप्टरच्या खोक्यावर लिहिलेल्या कोडेकच्या, म्हणजे आवाज आकड्यांत बसवण्याच्या पद्धतींच्या, नावांसाठी मात्र जादा पैसे घालवू नका. साधं एसबीसी कोडेक सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिटपर्यंत जातं. ऐंशीच्या वेगाने धावणाऱ्या जुन्या हॅचबॅकमध्ये टायर, वारा आणि इंजिन मिळून साठ-सत्तर डेसिबलचा गोंगाट असतो. त्यात यापेक्षा बारीक फरक ऐकू येणारा कान मी तरी पाहिलेला नाही. आणि गाणं बदलायला फोन हातात घेऊ नका. गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक चालवण्यात मोडतं.

काहीही विकत घेण्याआधी एक साधी चाचणी करा. अडॅप्टर चार्जरवरून काढून पॉवर बँकेवर लावा आणि इंजिन चालू करा. (काही पॉवर बँका एवढ्या कमी प्रवाहाला आपोआप बंद पडतात, पडली तर दुसरी घ्या.) शीळ गेली, तर दोष अर्थच्या कड्यात किंवा चार्जरमध्ये आहे, आणि वरचे उपाय लागू पडतील. शीळ राहिली, तर अडॅप्टर काढून नुसता रेडिओ लावून पाहा. तरीही ती ऐकू आली, तर टेपची काळी वायर सोडवून, पत्रा घासून, पुन्हा घट्ट कसा. एवढं करूनही जात नसेल, तर मल्टिमीटर एसीवर ठेवून चालू गाडीत बॅटरीच्या दोन टोकांवर लावा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या पुढे दिसला, तर अल्टरनेटरचा एखादा डायोड गेला असण्याचा दाट संशय घ्या आणि गाणी बाजूला ठेवून आधी गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या.