वारसा जपा, पण माणसाला बाहेर ठेवून नको

“सिस्टर, कालपासून मी पाणी कमीच पिते. तिथे गेल्यावर लघवीला जायचं कुठे?”

व्हीलचेअर वापरणाऱ्या एका ताईंचे हे शब्द आम्ही विसरलो नाही. त्यांच्या मुलीला एका जुन्या सरकारी सभागृहात बक्षीस मिळणार होते. दारापुढे पायऱ्या होत्या. चार जणांनी खुर्चीसकट उचलून त्यांना वर नेले. कार्यक्रम तीन तास चालला. आतल्या एकाही स्वच्छतागृहात व्हीलचेअर शिरत नव्हती. चार दिवसांनी त्या थंडीताप घेऊन दवाखान्यात आल्या. निदान झाले लघवीच्या जंतुसंसर्गाचे. केसपेपरवर आजार लिहिला गेला, पायऱ्या लिहिल्या गेल्या नाहीत.

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षे वॉर्डात काढली. आता अपंग भगिनी-बांधवांच्या हक्कांचे काम करतो. म्हणूनच सांगतो, पायरी हा आरोग्याचाच प्रश्न आहे. पक्षाघात झालेल्या माणसाला लुळ्या बाजूच्या काखेत हात घालून उचलले, तर खांदा निखळू शकतो. लघवीची नळी ओढली गेली, तर आत जखम होते. पाणी पिणे टाळले, तर जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठता होते, मुतखड्याचा धोका वाढतो. आणि चारचौघांत पोत्यासारखे उचलले गेलेला माणूस पुढच्या वेळी घराबाहेरच पडत नाही. हा आजार कुठल्याच तपासणीत दिसत नाही.

“ही वारसा इमारत आहे, हात लावता येत नाही”

रॅम्प किंवा लिफ्ट मागायला गेलो की हे उत्तर ठरलेले. ते किती खरे आहे, हे पाहण्यासाठी जगातली अशी एक इमारत घेऊ जिला हात लावायला कोणीही दहा वेळा विचार करील: ऑस्ट्रेलियातले सिडनी ऑपेरा हाऊस.

डेन्मार्कचे वास्तुविशारद यॉर्न उट्झन यांचा आराखडा 1957 मध्ये स्पर्धेतून निवडला गेला. मेक्सिकोतल्या प्राचीन माया लोकांचे उंच चौथरे त्यांनी पाहिले होते. तीच कल्पना त्यांनी इथे आणली. खाली भव्य चौथरा, त्यावर शिंपल्यांसारखी छपरे आणि समोर रुंदच रुंद पायऱ्या. लोकांनी रोजचे जग मागे ठेवून पायरी पायरी वर चढत यावे, असा त्यामागचा विचार. सरकारशी मतभेद होऊन उट्झन 1966 मध्ये काम सोडून गेले. 1973 मध्ये इमारत खुली झाली आणि 2007 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

म्हणजे ज्या पायऱ्यांसाठी ही इमारत नावाजली, त्याच पायऱ्यांनी अनेकांना अडवले. व्हीलचेअरवरच्या रसिकांना कर्मचाऱ्यांच्या सोबतीने, रंगमंचामागच्या वाटांनी आत न्यावे लागे. तिकीट तेच, पण वाट वेगळी. मागच्या दाराने आत घेतले जाण्याचा अर्थ काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

मग बदल झाला कसा? 1999 मध्ये उट्झन पुन्हा सल्लागार म्हणून जोडले गेले. 2002 मध्ये त्यांची रचनातत्त्वे प्रसिद्ध झाली. काळाप्रमाणे गरजा बदलतात आणि इमारतीलाही बदलावे लागते, हे खुद्द मूळ शिल्पकाराला मान्य होते. 2009 मध्ये पश्चिमेकडच्या दालनांत प्रेक्षकांसाठी लिफ्ट आणि सरकते जिने आले. त्या कामात उट्झन यांचे चिरंजीव यान यांचाही हात होता. पुढे मोठे संगीत सभागृह 2020 मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाले आणि 2022 मध्ये नव्या लिफ्टसह व मार्गिकेसह उघडले. आता व्हीलचेअरवरचा माणूस उत्तरेकडच्या दालनात जाऊ शकतो. मध्यंतरात सगळे प्रेक्षक जिथून समुद्राची खाडी पाहत उभे राहतात, ते हे दालन. छपरे तीच आहेत, पायऱ्याही तिथेच आहेत. वारशाला धक्का लागला नाही.

दार कोणते, हेही महत्त्वाचे

हे आपोआप घडत नाही, त्यामागे लोकांचा आग्रह लागतो. त्याच देशात ब्रिस्बेन शहरात मोठे संमेलन केंद्र बांधले जात होते. मुख्य दाराला पायऱ्या, आणि अपंगांसाठी दुसरीकडून वाट. व्हीलचेअर वापरणारे केविन कॉक्स यांनी दाद मागितली. माझी मागणी फक्त आत जाण्याची नाही, सर्वांबरोबर मुख्य दाराने जाण्याची आहे, असा त्यांच्या तक्रारीचा अर्थ होता. 1994 मध्ये न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि मुख्य दारापाशी लिफ्ट बसवण्याचा आदेश दिला.

आपला कायदा काय म्हणतो?

2011 च्या जनगणनेनुसार देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्ती आहेत, त्यांपैकी सुमारे 29 लाख 63 हजार महाराष्ट्रात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या कलम 45 प्रमाणे, नियम लागू झाल्यापासून 5 वर्षांत सर्व सार्वजनिक इमारती सुगम व्हायला हव्या होत्या. नियम जून 2017 मध्ये आले, म्हणजे मुदत 2022 मध्येच संपली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत.

टेप घेऊन मोजा

नाट्यगृह, ग्रंथालय, तहसील कचेरी, आपले समाजमंदिर, कुठेही जाल तिथे एवढे तपासा:

- रॅम्पचा उतार: 1 फूट उंचीला किमान 12 फूट लांबी हवी. 15 सेंटीमीटरच्या एका पायरीला 1.8 मीटर. यापेक्षा खडा रॅम्प म्हणजे घसरगुंडी.
- दोन्ही बाजूंना कठडा आणि न घसरणारी जमीन.
- दाराची मोकळी रुंदी 90 सेंटीमीटर.
- व्हीलचेअर आत वळेल असे स्वच्छतागृह. त्याला कुलूप नको आणि त्यात झाडू-बादल्यांचा ढीगही नको.
- पायऱ्यांच्या कडेला ठळक रंगाची पट्टी. कमी दिसणाऱ्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना तिचा आधार होतो.
- मुख्य आणि सुगम दार एकच आहे का? नसेल तर का नाही?

मोजलेले आकडे फोटोंसह संबंधित कार्यालयाला लेखी द्या आणि पोच घ्या. उत्तर आले नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. मोजायला जाताना व्हीलचेअर वापरणाऱ्या, काठी घेऊन चालणाऱ्या आणि न दिसणाऱ्या व्यक्तींना सोबत न्या. कुठे अडते, हे त्यांच्याइतके कोणालाच कळत नाही.

त्या ताईंच्या मुलीला पुढे कधी पुन्हा बक्षीस मिळेल. त्या दिवशी आईने घरून निघताना पोटभर पाणी पिऊन निघावे, एवढेच आमचे मागणे आहे.