उरणला जेवायला जाताना

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, उरणपर्यंत लोकलही आली. तेव्हापासून सुटीच्या दिवशी मुंबईची कुटुंबं मासे खायला उरण-करंज्याकडे वळतात. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच आधीपासून आहेच. आम्हाला अजून तीच बरी वाटते.

इथल्या घरगुती खाणावळीत मेनू कार्ड शोधू नका. ओटीवर चार टेबलं, आत चूल. घरचा पुरुष बंदरावरून मासळी आणतो, सासू वाटण करते, सून तांदळाच्या भाकऱ्या थापते. "आज काय आलंय?" एवढंच विचारायचं. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, तेव्हा ताटात सोडे, जवळा, सुके बोंबील.

आपल्या घरातला पहिला प्रश्न हलालचा. सूरह माइदामध्ये (५:९६) समुद्राची शिकार हलाल ठरवली आहे आणि माशाला जबहची गरज नाही. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, त्यांना कोलंबी-कालवांची अडचण नसते. हनफी मात्र फक्त मासा खातात. कोलंबी मासा की नाही, यावर उलेमांचे मतभेद आहेत, आणि चिंबोरी त्यांना चालत नाही. आमच्या घरात दोन्ही मसलकांची माणसं, त्यामुळे मुकाट्याने ताटांची अदलाबदल होते! तव्याचं मात्र आधीच सांगावं. त्याच तेलात कोंबडी तळली जात असेल, तर वेगळा तवा मागायला संकोच कशाला?

यंदा आम्ही निवट्या मागितल्या. खाडीच्या चिखलात उड्या मारणारा हा छोटा मासा, चिंचेच्या आंबट कालवणात त्याला तोड नाही. वाढणारी बाई म्हणाली, "पूर्वी पोरं टोपलीभर आणायची. आता चिखलच कुठे राहिलाय?"

तिचं म्हणणं खोटं नाही. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, पुढे भराव वाढत गेले, भरतीचं पाणी अडलं. उरण, हनुमान, गव्हाण आणि बेलपाडा कोळीवाड्यांतल्या मच्छीमारांनी दाद मागितली. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटींची भरपाई देण्याचा आदेश दिला. पण भरपाईतून खाडी परत येत नाही. ज्या घरातले पुरुष होडी सोडून बंदरावर कंत्राटी कामाला लागले, तिथे बायकांची ही चूलच हक्काची रोजी. मासळी मात्र पुष्कळदा विकत आणावी लागते, म्हणून पापलेटचा भाव ऐकून नाक मुरडू नका.

लाँचने जाणार असाल तर ओहोटीची वेळ विचारून निघा. मोऱ्याला गाळ फार आहे. आम्ही परतताना धक्क्यावर पाण्याची वाट पाहत बसलो आणि मगरिबची नमाज तिथेच पढलो.