जपानी भाषेतील शालेय इयत्ता व विषयांची शब्दावली

जपानी भाषेतील शालेय शब्दावली म्हणजे जपानमधील शाळांचे टप्पे, इयत्ता, तुकड्या, तासिका आणि अभ्यासविषय यांसाठी वापरले जाणारे शब्द. जपानी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे शब्द अगदी आरंभीच्या पाठांत भेटतात. त्यांतील बहुतेक शब्दांना मराठी प्रतिशब्द सहज सुचतो. परंतु दोन्हीकडील शिक्षणाची रचना निराळी असल्यामुळे शब्दशः केलेले भाषांतर पुष्कळदा चुकीचा अर्थ देते. या लेखात महाराष्ट्रातील, विशेषतः पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील, परिचित शालेय व्यवस्थेशी तुलना करून या शब्दांचा अर्थ दिला आहे. जपानी शब्द उच्चारानुसार देवनागरीत लिहिले आहेत.

पार्श्वभूमी

मावळाचा जपानशी शिक्षणाच्या निमित्ताने आलेला संबंध स्वदेशी चळवळीइतका जुना आहे. पैसा फंडातून तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली काच कारखाना उभा राहिला. तेथे काचकामाचे शिक्षण देण्याचाही उद्देश होता. या कारखान्याशी संबंधित तज्ज्ञ ईश्वरदास वार्ष्णेय यांनी काचविद्येचे शिक्षण जपानमध्ये घेतले होते. आज पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषा विभागात जपानी शिकविली जाते. लोणावळा व तळेगाव येथून पुण्याला लोकल गाडीने ये-जा करता येत असल्याने मावळातील विद्यार्थ्यांनाही हे शिक्षण आवाक्यातले आहे.

शाळांचे टप्पे

जपानमध्ये १८७२ साली आधुनिक शिक्षणपद्धतीचा पाया घातला गेला. सध्याची सहा-तीन-तीन वर्षांची रचना १९४७ च्या शालेय शिक्षण कायद्याने आली. तिचे टप्पे असे :

शोगाक्को (शब्दशः ‘लहान शाळा’) : सहा वर्षे, पहिली ते सहावी.
चूगाक्को (‘मधली शाळा’) : तीन वर्षे, सातवी ते नववी.
कोतोगाक्को, संक्षेपाने कोको (‘उच्च शाळा’) : तीन वर्षे, दहावी ते बारावी.

‘कोको’चे भाषांतर ‘हायस्कूल’ असे केल्यास मराठी वाचकाची दिशाभूल होते. मावळातील खेड्यांत जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा संपवून मुले पाचवीत किंवा आठवीत ‘हायस्कूल’मध्ये जातात, आणि अकरावी-बारावीला ‘कनिष्ठ महाविद्यालय’ म्हणतात. जपानमध्ये सक्तीचे शिक्षण नववीअखेर संपते आणि कोकोत जाण्यासाठी सामान्यतः प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे दहावीच्या परीक्षेला जे महत्त्व आहे, ते तेथे नववीनंतरच्या या टप्प्याला आहे.

इयत्ता

मराठीतील ‘इयत्ता’ हा संस्कृत शब्द ‘इतकेपणा’, ‘परिमाण’ अशा अर्थाचा आहे. विद्यार्थी शिक्षणात कितपत पुढे गेला हे तो सांगतो. जपानीत ‘नेन्सेइ’ हा प्रत्यय लागतो. ‘नेन्’ म्हणजे वर्ष व ‘सेइ’ म्हणजे विद्यार्थी. त्यामुळे ‘इचिनेन्सेइ’ हे मुळात वर्गाचे नव्हे, तर ‘पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचे’ नाव आहे. पुढील रूपे निनेन्सेइ, सान्नेन्सेइ, योनेन्सेइ, गोनेन्सेइ आणि रोकुनेन्सेइ अशी होतात. चार या संख्येचे ‘योन्’ किंवा ‘शि’ हे उच्चार येथे चालत नाहीत. ‘यो’ हेच रूप वापरावे लागते.

मराठीत इयत्तांची गणना पहिलीपासून बारावीपर्यंत सलग चालते. जपानीत प्रत्येक टप्प्यावर ती पुन्हा एकपासून सुरू होते. म्हणून नुसते ‘सान्नेन्सेइ’ म्हटल्यास तो विद्यार्थी तिसरीचा, नववीचा किंवा बारावीचाही असू शकतो. संदिग्धता टाळण्यासाठी बोलताना शोसान्, चूसान्, कोसान् असे संक्षेप करतात. लोणावळ्यातील नववीच्या विद्यार्थ्याने आपली ओळख ‘चूगाकु सान्नेन्सेइ’ अशी करून द्यावी. ‘नऊ’ या संख्येला ‘नेन्सेइ’ जोडून केलेला शब्द जपानी माणसाला कळणार नाही.

पालकांबरोबर जपानला जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा भेद व्यवहारातही महत्त्वाचा ठरतो. तेथील शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपते, आणि सक्तीच्या शिक्षणात मुलाची इयत्ता मुख्यतः वयावरून ठरते. त्यामुळे जून महिन्याच्या हिशेबाने मोजलेली इयत्ता तेथे तशीच लागू होईल असे नाही. प्रवेशाच्या कागदपत्रांत इयत्तेबरोबर शाळेचा टप्पा व जन्मतारीख स्पष्ट लिहिणे हिताचे असते.

तुकडी व तास

तुकडीला ‘कुमि’ म्हणतात. ‘इचिनेन् निकुमि’ म्हणजे पहिलीची दुसरी तुकडी. आपल्याकडील ‘पहिली ब’ सारखे. वर्गशिक्षक म्हणजे ‘तान्निन्’ आणि वेळापत्रक म्हणजे ‘जिकान्वारि’. ‘जिकान्’ या शब्दाचा एक अर्थ तास असा असून पहिल्या तासिकेला ‘इचिजिकान्मे’ म्हणतात. मराठीतही घड्याळाच्या आणि शाळेच्या तासाला एकच शब्द आहे, आणि दोन्ही भाषांत शाळेचा तास साठ मिनिटांचा नसतो. जपानी प्राथमिक शाळेतील तासिका सामान्यतः ४५ मिनिटांची, तर चूगाक्कोतील ५० मिनिटांची असते.

विषय

कोकुगो (‘देशाची भाषा’) : शालेय विषय म्हणून जपानी भाषा. परकीयांना शिकविल्या जाणाऱ्या जपानीला मात्र ‘निहोन्गो’ म्हणतात.
सान्सू व सूगाकु : दोन्ही गणितच, शोगाक्कोत सान्सू, चूगाक्कोपासून सूगाकु.
सेइकात्सु (‘जीवन’) : पहिली-दुसरीचा एकात्मिक विषय, १९९२ पासून.
रिका : विज्ञान, तिसरीपासून.
शाकाइ (‘समाज’) : सामाजिक शास्त्रे, तिसरीपासून. चूगाक्कोत यातच चिरि (भूगोल), रेकिशि (इतिहास) व कोमिन् (नागरिकशास्त्र) येतात.
ओन्गाकु : संगीत.
झुगा कोसाकु : चित्रकला व हस्तकला. चूगाक्कोत बिजुत्सु (कला).
कातेइका : गृहविज्ञान, मुलगे व मुली दोघांनाही.
ताइइकु : शारीरिक शिक्षण.
एइगो : इंग्रजी.
दोतोकु : नीतिशिक्षण.

सेइकात्सुची कल्पना महाराष्ट्रातील ‘परिसर अभ्यासा’च्या जवळची आहे, मात्र आपल्याकडे परिसर अभ्यासाचे पुस्तक तिसरीपासून येते, तर जपानमध्ये तिसरीत सेइकात्सु संपून विज्ञान व समाज हे विषय वेगळे होतात. कोकोत रिकाची विभागणी बुत्सुरि (भौतिकशास्त्र), कागाकु (रसायनशास्त्र), सेइबुत्सु (जीवशास्त्र) व चिगाकु (भूशास्त्र) अशी होते.

शब्दघडण

मराठीने संस्कृत धातू व शब्द यांतून ‘भौतिकशास्त्र’, ‘भूमिती’ यांसारख्या संज्ञा घडविल्या, तशा जपानीने चिनी चित्रलिपीतील अक्षरे जोडून घडविल्या. ‘गो’ म्हणजे भाषा, ‘का’ म्हणजे शाखा आणि ‘गाकु’ म्हणजे विद्या किंवा शास्त्र, एवढे ठाऊक असले तरी अनेक शब्दांची उकल होते : सू (संख्या) + गाकु = संख्याविद्या, म्हणजेच गणित. तथापि उच्चार सारखा असला तरी अक्षर वेगळे असू शकते. ‘ओन्गाकु’तील ‘गाकु’ हे विद्येचे नव्हे, संगीताचे अक्षर आहे. ‘कागाकु’ हा उच्चार विज्ञान आणि रसायनशास्त्र या दोन्ही शब्दांचा आहे. म्हणून बोलताना रसायनशास्त्राला कधी कधी ‘बाकेगाकु’ म्हणतात. लेखनात अक्षरे भिन्न असल्याने हा गोंधळ होत नाही. विषयांची नावे केवळ उच्चारावरून पाठ न करता अक्षरांसह शिकणे त्यामुळे आवश्यक ठरते.