विहिरीची पातळी, पाणथळीचे भवितव्य

खराडीच्या दक्षिणेकडून मुळा-मुठा वाहते. भर उन्हाळ्यातही तिचे पात्र कोरडे दिसत नाही, त्यामुळे परिसरात पाणी मुबलक असल्याचा समज सहज होतो. परंतु त्या दिवसांतील प्रवाहात शहराच्या सांडपाण्याचा वाटा मोठा असतो. भूमीच्या उदरात पाणी किती उरले, हे नदीकडे पाहून कळत नाही. त्यासाठी विहिरीतच डोकवावे लागते.

पुण्याची भूमी बेसाल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची आहे. हा खडक वाळूप्रमाणे पाणी शोषत नाही. वरच्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत जागा असेल तेवढेच पाणी साठते. पावसाळ्यात भरलेला हा साठा पुढे हळूहळू झिरपत ओढ्यांत व नदीकाठी उतरतो. काठावरची दलदल, लव्हाळे, चिखलातील सूक्ष्म जीव आणि त्यांवर जगणारे पाणपक्षी यांना उन्हाळ्यात या झिऱ्यांचा आधार असतो. बोअरवेलच्या अति उपशाने भूजल नदीपात्राच्याही खाली गेले, तर हा ओघ उलटतो : काठाचे निर्मळ पाणी नदीला मिळण्याऐवजी नदीचे मलिन पाणी काठात शिरते. येरवड्याजवळचा, डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य म्हणून ओळखला जाणारा नदीकाठ हा शहरातील अशा मोजक्या उरलेल्या आश्रयस्थानांपैकी एक आहे.

१९७२ साली स्थापन झालेली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते. पावसाळ्यानंतरची नोंद जमा दाखवते, मे महिन्यातील नोंद शिल्लक. एका वर्षाच्या आकड्यावरून फारसे कळत नाही. मे महिन्याची पातळी वर्षानुवर्षे खाली जात असेल, तर मात्र भांडवलच खर्ची पडत आहे, हे व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगावयास नको.

हीच नोंद गृहनिर्माण संस्थाही ठेवू शकते. पंप रात्रभर बंद ठेवून, पहाटे ठरावीक जागेवरून पाण्यापर्यंतची खोली मोजावी आणि दिनांकासह वहीत लिहावी. शेजारच्या चार संस्थांच्या नोंदी एकत्र आल्या, तर परिसराचे चित्र अधिक स्पष्ट होते.

जमेची बाजूही लहान नाही. पुण्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर साडेतीन लाख लिटर पाणी उतरते. दहा हजार लिटरचे पस्तीस टँकर! त्यातील निम्मे जरी गाळून जमिनीत मुरवले, तरी काठच्या झिऱ्यांना बळ मिळेल.

पाणी गाळून, जपून वापरणे ही जैन घरांची जुनी शिस्त आहे. घागरीतल्या जीवांची काळजी वाहणाऱ्या त्या शिस्तीला आता विहिरीच्या पातळीची जोड हवी. ज्या पाण्यावर काठावरचे जीव जगतात, त्याच साठ्यात आपलीही नळी सोडलेली आहे.